मुंग्यांना मुकादम नसतो

सर रस्त्यानं चालले की मागून येणारा माणूसही खाली बघत चालायला लागायचा. यांचं काहीतरी पडलंय आणि ते आपल्याला सापडलं तर बरं, एवढाच त्यामागचा विचार. रोह्याच्या बाजारपेठेत एकदा त्यांच्या मागं अशा आशावादी लोकांची रांगच लागली होती. शेवटी सर एका वाण्याच्या पायरीशी उकिडवे बसले, तेव्हा सगळे भोवती वाकून उभे राहिले. खाली होती मेलेल्या झुरळाची तंगडी आणि ती ओढून नेणाऱ्या मुंग्या. "बघा नीट," सर मान वर न करता म्हणाले. "मुकादम दिसतोय का कुठं?" लोकांनी खरोखरच मुकादम शोधला. मग एकमेकांकडं बघत पांगले. सर गेल्यावर वाण्यानं पायरीवर रॉकेल ओतलं.

आमच्या हायस्कुलात ते भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. भूगोल फळ्यावर आणि नागरिकशास्त्र जमिनीवर. ग्रामपंचायत, सहकारी संस्था असले धडे आले की सरांच्या कोटाच्या खिशातून कागदाची पुडी निघायची. तीत कधी चकलीचा तुकडा असायचा, कधी खोबऱ्याचा. तो वर्गाच्या उंबऱ्याशी ठेवून सर खुर्चीत बसायचे आणि पोरं पोटावर पडून वाट बघायची. आधी एकच मुंगी यायची. तुकड्याला शिवायची, जरा ओढून बघायची आणि झेपत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून तरातरा भिंतीकडं जायची. "आता घरी जाऊन काय सांगेल ती?" सर विचारायचे. एकदा मागून उत्तर आलं, "चला रं, फुकटचं हाय!" सरांनी त्या पोराला उभं करून सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

मग मुंग्यांची धार लागायची. काळ्या, लांब पायांच्या, वेड लागल्यागत धावणाऱ्या जातीच्या मुंग्या त्या. सगळ्या बाजूंनी तुकडा धरायच्या आणि जी ती आपल्या दिशेला ओढायची. तुकडा जागच्या जागी गरगरायचा. "ही झाली सर्वसाधारण सभा," सर म्हणायचे. पण जरा वेळानं तो तुकडा खरंच सरकायला लागायचा. पुढच्या ओढायच्या. मागच्या ढकलत नसत, नुसत्या उचलून धरायच्या, म्हणजे तुकडा जमिनीला घासू नये. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं आणि कुणी कुणावर डाफरतही नसे. मी मराठीचा मास्तर असूनही हे सगळं वर्गात पोटावर पडून पाहिलेलं आहे, त्यामुळं सरांनी पदरचं घातलेलं यात काही नाही.

पोरं त्यांना 'मुंगळे सर' म्हणायची. एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गात पाऊल टाकलं ते नेमकं चालू सहकारी संस्थेवर. पोरं किंचाळली, साहेब दचकून मागं सरले. कुणाचा तास आहे विचारल्यावर मिळालं ते उत्तर त्यांनी तसंच शेऱ्यात उतरवलं: श्री. मुंगळे यांची वर्गावर पकड नाही. हेडमास्तरांनी खुलासा मागितला, तेव्हा सरांनी तोंडी कळवलं की मुंगळे नावाचे शिक्षक या शाळेत नाहीत, तरी आल्यास त्यांना समज देण्यात येईल.

मी पेणचा. नोकरी लागली आणि एस.टी.नं रोह्याला आलो, तेव्हा रेल्वे यायची होती आणि धाटावकडं कारखान्यांची धुरांडी नुकती उभी राहत होती. पहिल्याच दिवशी मास्तरांच्या खोलीत एक उंच, खांद्यात वाकलेले, काळी टोपी घातलेले गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुम्ही नवीन. या शाळेत काय चुकतंय ते लवकर सांगून टाका. दिवाळीपर्यंतच तुम्ही ऐकण्यासारखं बोलाल."

मला वाटलं, माणूस खवचट आहे. पण तो त्यांच्या शास्त्राचा भाग होता. त्यांचं म्हणणं असं की ओझं धरलं की दिशा जाते. मुंग्या तुकडा घेऊन चालल्या आणि मधे काडी आडवी आली, की सगळ्या मिळून चुकीच्याच बाजूला जोर लावत बसतात. ताकद भरपूर, पण घर कुठल्या अंगाला ते कुणालाच आठवत नाही. अशा वेळी वारुळाकडून एखादी रिकामी मुंगी येते. ती नुकतीच त्या वाटेनं आलेली असते. ती एका कोपऱ्याला धरून हिसका देते आणि सगळा लवाजमा तिच्या मागं वळतो. "पण थोडाच वेळ बरं का," सर बोट वर करून सांगायचे. "मग तीही त्यांच्यातलीच एक. तिलाही काही आठवत नाही. मग दुसरी यावी लागते." मी शाळेबद्दलची माझी मतं दसऱ्यालाच सांगून टाकली. कुणी ऐकली नाहीत. दिवाळीनंतर मलाही ती आठवेनात.

सर बेने इस्राएल होते. कोकणात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत. बापजाद्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. सरांकडं घाणा राहिला नव्हता, पण शनिवार राहिला होता. शनिवारच्या सकाळच्या शाळेला ते येत नसत. त्याबदली गणपती, होळी, ईद, जी सुट्टी म्हणाल तिला शाळेची राखण सर करायचे. आम्ही मोदक खात असताना हा माणूस रिकाम्या शाळेच्या ओट्यावर मुंग्यांसोबत बसलेला असायचा आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

मुंग्यांचं शास्त्र माणसांना लावायचा त्यांचा प्रयत्न मात्र एकदाही साधला नाही, आणि त्यामुळं शास्त्राचं काहीही बिघडलं नाही. प्रयोगशाळेचं जाडजूड टेबल दुसऱ्या खोलीत न्यायचं होतं. शिपाई 'हां, उजवीकडं, हां, तिरपं' असं सुरू करणार तोच सरांनी त्याला गप्प केलं. "मुंग्यांना मुकादम नसतो. धरा सगळे आणि चला." आम्ही सगळे मास्तर धरून चाललो. टेबल गरगरलं, गणिताच्या मास्तरांचा अंगठा ठेचला, आणि शेवटी ते टेबल दारात असं काही अडकलं की आत जाईना की बाहेर येईना. त्या आठवड्यात विज्ञानाचे तास पोरांनी टेबलाखालून रांगत आत जाऊन केले. "मुंग्यांनाही वेळ लागतो," एवढंच सर म्हणाले. शेवटी शनिवारी, सर नसताना, शिपायानं आरडाओरडा करून ते पाच मिनिटांत काढलं.

एकदा मी त्यांना श्रावणात पेणला घरी घेऊन गेलो. आमच्या आळीत दर दोन घरांआड गणपतींचा कारखाना. सगळीकडं ओल्या शाडूचा वास आणि रंगाच्या वाट्या. मुंबईच्या एका मंडळाची मोठी मूर्ती कारखान्यातून बाहेर काढायचं काम चाललं होतं. मूर्तीभोवती माणसं, आणि समोर कारखानदार उलटा चालत, हात हवेत धरून ओरडतोय, "आस्ते! सोंड! सोंड संबाळ! बाळ्या, कुठं बगतंस?" सर पुढं झाले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही गप्प बसलात तर मूर्ती आपोआप जाईल." सगळे हात थांबले. कारखानदारानं सरांना टोपीपासून चपलेपर्यंत बघितलं. "गुरुजी," तो म्हणाला, "मी वरडतो म्हणून हे जागे हायत. मी गप बसलो तर हे गणपती माझ्या अंगावर ठेवून चहाला जातील." सर बाजूला झाले. परतीच्या गाडीत मात्र खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "त्याचं बरोबर असेल. पण मला ओरडता येत नाही हो. कधीच आलं नाही."

हे खरं होतं. सरांनी कधी कुणाला 'हे कर' असं सांगितल्याचं मला आठवत नाही. वर्गातही नाही आणि घरीही नाही. घरी त्यांच्या वाटचं सगळं सांगणं त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, सांगायच्या.

रोह्याबाहेरचं वरसे गाव मागं टाकून पुढं गेलं की वाटेवर त्यांचं गाव होतं. भात आणि वाल पिकवणाऱ्यांची वस्ती आणि तिच्या एका टोकाला इस्राएल आळी. आळी म्हणायची, पण आता त्यात एवढं एकच घर उघडं. बाकीच्या घरांना कुलपं, काहींना तीही नाहीत. एकेक कुटुंब मुंबईला गेलं, तिथून इस्राएलला. सरांचा मुलगाही गेला होता. तिथंच लग्न, तिथंच मुलगी झाली. काकी बुटक्या, चपळ आणि बोलायला अशा की सरांचा अबोला त्यांच्या एकटीच्या जिवावर चालायचा. "माझ्या सासऱ्यांनी घाणा चालवला, ह्यांनी मुंग्या चालवल्या," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे त्यांच्या पैगंबराच्या, नावानं मलिदा केला की मला बोलावणं असायचं. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. पोहे पेणहून मी न्यायचे, असा आमचा करार. ताट समोर आलं की सर पहिला चमचा उंबऱ्यापाशी ठेवायचे. "बघितलंत भाऊ? माणसांआधी मुंग्या," काकी म्हणायच्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक चमचा वाढायच्या.

अशाच एका दुपारी त्या म्हणाल्या, "नात चालायला लागली म्हणे. आता बोलायला लागेल. ते पण आपल्याला न कळणारं. आणखी थांबलो तर ती मला आजी कशाला म्हणेल?" सर ताटाकडं बघत होते. "जाऊ की," ते म्हणाले. "पण कपाट?"

हे कपाट म्हणजे त्या घरातलं कायमचं उत्तर होतं. घराला लागून प्रार्थनेची खोली होती. जुने लोक तिला मशीद म्हणायचे. आत भिंतीशी सागवानी, नक्षी केलेलं, दोन माणसांच्या कवेत न येणारं कपाट, आणि त्यात त्यांचा सेफेर, म्हणजे चामड्यावर हातानं लिहिलेल्या धर्मग्रंथाची गुंडाळी. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि गावात उरला होता एक. तरी सर दर शुक्रवारी खोली झाडायचे, कपाट पुसायचे, दिव्यात तेल घालायचे. मुलगा बोलावत होता, काकी मागं लागल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी सर तेच म्हणायचे, कपाटाला टाकून कसं जायचं? देवाचंच कारण पुढं केल्यावर बायकोनं काय बोलायचं?

उत्तर आलं ते वाळवीच्या रूपानं. रोह्यात त्यांच्या समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, होतं, तिथं अजून थोडी घरं टिकून होती आणि कसेबसे दहा पुरुष जमत. तिथलं ग्रंथ ठेवायचं कपाट वाळवीनं आतून खाल्लं. तिथले दोघे वृद्ध भाऊ सरांकडं आले आणि म्हणाले, तुमचं कपाट आणि सेफेर आमच्याकडं द्या, म्हणजे ग्रंथाला माणसं मिळतील आणि माणसांना ग्रंथ. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सर 'हो' म्हणाले, कारण 'नाही' म्हणायला जगात एकही कारण उरलं नव्हतं. वाळवीबद्दल मात्र त्यानंतर त्यांच्या तोंडून मी चांगला शब्द ऐकला नाही.

दिवस ठरला शुक्रवारचा. भातं कापून झाली होती, दिवस लहान झाले होते. सूर्य बुडायच्या आत कपाट जागेवर लागायला हवं, कारण सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ लागतो आणि मग काही उचलायचं नाही की हलवायचं नाही. सेफेर सकाळीच सर आणि ते दोघे भाऊ मांडीवर घेऊन घोडागाडीतून घेऊन गेले होते. तो रोह्यात एका मेजावर, रेशमी कापडाखाली, कपाटाची वाट बघत होता.

कपाटासाठी मी ट्रक ठरवू म्हणत होतो. गावचे पाटील ऐकेनात. ते सरांकडं वळले. "मास्तर, आमचा गणपती आमच्या खांद्यावरनं जातो. नि तुमचा देव काय ट्रकातनं न्यावचा, भाताच्या गोणीवानी? गावात माणसं मेली नाय अजून." काकींना हे फार आवडलं. सरांनाही आवडलं असावं. त्यांनी एकच अट घातली, "कुणी ओरडायचं नाही. मुकादम नको." पाटील म्हणाले, "नको तं नको. आमाला काय, आमी दरवर्षी नेतो."

दुपारी माणसं जमली. कपाटाला खालून दोन बांबू बांधले, खांद्याला टॉवेल घेतले, आणि निघणार एवढ्यात खालूबाजावाले सनई-ढोल घेऊन हजर. काकींनी कपाळावर हात मारला. "हे कुणी बोलावलं?" पाटलांना प्रश्नच कळला नाही. "अवो काकी, देव घरातनं निघाला नि वाजप नाय?" गावातल्या बायका ताट घेऊन आल्या, कपाटाला हळदकुंकू लावावं की नाही यावर त्यांच्यात हळू आवाजात चर्चा झाली, आणि शेवटी नुसतं फूल ठेवायचं ठरलं. वाजंत्री वाजली. कपाट उचललं. पहिल्या पावलालाच कुणीतरी सवयीनं 'मोरया' म्हणालं आणि शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

मी आणि सर मागून चालत होतो. काकी आमच्या मागं, हातात प्रार्थनेच्या खोलीतला काचेचा दिवा फडक्यात गुंडाळून. वालाच्या शेतांच्या बांधावरनं कपाट डुलत चाललं होतं. खरं सांगतो, ते फार छान दिसत होतं. कुणी ओरडत नव्हतं. पुढचे ओढत होते, मागचे उचलून धरत होते, दमलेला खांदा सरकत होता आणि तिथं दुसरा येत होता. सरांचा चेहरा बघण्यासारखा होता. उभ्या आयुष्यात त्यांचं शास्त्र माणसांत पहिल्यांदाच खरं ठरत होतं. मी त्यांना तसं म्हटलंही. "अजून पोचायचंय," ते म्हणाले.

नाक्यावर रस्ता फुटतो. उजवीकडं पेठ, आणि तिथं सिनेगॉग. डावीकडं उतार, आणि खाली नदीचा घाट. गावचा गणपती दरवर्षी याच बांधावरून, याच बांबूंवरून, याच खांद्यांवरून आणि याच वाजंत्रीमागून येतो आणि डावीकडं वळतो.

कपाट डावीकडं वळलं.

वाजंत्रीवाले पुढं होते, तेच आधी वळले. खांदेकऱ्यांच्या माना ओझ्याखाली वाकलेल्या, त्यांना फक्त पुढच्याच्या टाचा दिसत होत्या. पाटील स्वतः एका बांबूखाली होते. उतार लागला तसा ताल चढला आणि या वेळी 'मोरया' म्हणणाऱ्याला कुणी ढोसलं नाही. मी ओरडायला तोंड उघडलं, तर सरांनी माझं मनगट धरलं. "थांबा," ते म्हणाले. "वळतील."

मी थांबलो. मुंग्यांचं शास्त्र म्हणून थांबलो. पण कपाट घाटाच्या पायऱ्यांकडं निघालं होतं, सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकत आला होता, आणि सर नुसते बघत उभे होते. मग माझ्या लक्षात आलं की मुंग्यांकडं बघताना त्यांचे डोळे असे नसतात. सरांना कपाट पोचायला नको होतं. ते काही करणार नव्हते, कुणाला अडवणार नव्हते, एक शब्द खोटा बोलणार नव्हते. फक्त गप्प राहणार होते. अंधार पडला की कपाट घाटावरच राहिलं असतं, सेफेर मेजावर राहिला असता, परत नवी बोलणी, आणि मग पाहू, पुढच्या वर्षी.

काकी माझ्याही आधी ओळखून चुकल्या होत्या. हयात काढली होती त्यांनी या गप्प बसण्यासोबत. दिवा छातीशी धरून त्या सरांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

"वळतील गो ते आपणहून."

"नाय वळले तर?"

सर घाटाकडं बघत राहिले.

"मी वरडू शकते," काकी म्हणाल्या. "मी वरडले तर सगळा घाट थांबंल, ठाव हाय तुमाला. पण मी नाय वरडणार. मी वरडून तुमाला नेलं, तर तुमी तिकडं जाऊन पण हितंच ऱ्हाल. जायचं तर तुमी न्या. नायतर सांगा एकदा सरळ, की नाय जायचं. मी परत इचारणार नाय."

वाजंत्री चालूच होती. पुढच्या खांदेकऱ्यांचे पाय पहिल्या पायरीवर होते. सरांनी काकींकडं बघितलं, मग कपाटाकडं. आयुष्यभर ज्यानं कशालाही हात न लावता नुसतं पाहिलं, त्या माणसानं टोपी काढून माझ्या हातात दिली, चपला तिथंच सोडल्या आणि सर उतारावरून जवळजवळ धावत गेले. नदीच्या अंगाच्या कोपऱ्यावर एका दमलेल्या माणसाला बाजूला सारून त्यांनी बांबूखाली खांदा घातला. त्यांची उंची जास्त, त्यामुळं कपाट एका बाजूनं वर आलं आणि सगळे अडखळले. मग त्यांनी अंगातलं सगळं बळ लावून ते उजवीकडं ओढलं. तोंडातून शब्द नाही. मागच्यांना वाटलं कुणाचा तोल गेला, म्हणून तेही त्या बाजूला झुकले, आणि झुकता झुकता कपाट पुरतं फिरलं. पाटलांनी मान वर केली. समोर नदी असायला हवी होती, तिथं पेठेचा रस्ता होता. "अगाय गं!" ते कळवळून ओरडले. "आरं, गणपती नाय रं हा! कपाट हाय, कपाट! बुडवताव काय मास्तरांचा देव?"

मग काय विचारता! सगळे एकदमच ओरडायला लागले, जो तो दुसऱ्याला मुकादमासारखा झापत होता, आणि कपाट चढावरून कधी नव्हे इतक्या वेगानं निघालं. बाजारपेठेतले लोक दुकानांतून बाहेर आले. वाजंत्रीवाले बिचारे मागं राहिले होते, ते धावत वाजवत आले. सरांनी खांदा सोडला नाही. दोन-तीनदा कुणीतरी म्हणालं, "मास्तर, सोडा आता, आमी हाव," तरी नाही.

कपाट सिनेगॉगात भिंतीला लागलं, तेव्हा उन्हाची एक पट्टी कौलांवर शिल्लक होती. दारात पाटील पाय पुढं करून थांबले. खांद्यावरून देव आणलेल्या माणसाच्या पायावर पाणी घातल्याशिवाय तो घरात कसा शिरणार? ते दोघे वृद्ध भाऊ गोंधळून एकमेकांकडं बघायला लागले. काकींनी तांब्या मागवला आणि एकेकाच्या पायावर पाणी घातलं. शेवटचे पाय सरांचे होते, अनवाणी, ठेचकाळलेले. त्यांच्यावरही घातलं. मग घाईनं आत जाऊन दिवा टांगला आणि लावला.

सरांनी डोक्यावर रुमाल टाकला, मेजावरचा सेफेर उचलून कपाटात ठेवला, दारं लोटली, बोटं दाराला टेकवून ओठांना लावली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. माणसं पांगत होती. सरांचा सदरा खांद्यावर फाटला होता आणि खाली कातडं सोलवटलेलं दिसत होतं. मी टोपी पुढं केली. त्यांनी ती घेतली, पण मला ओळखल्यासारखं केलं नाही. मला फार वाईट वाटलं. दिवसभर मला या माणसाची गंमत वाटत होती आणि आता त्याच्याकडं बघवेना. काकी हात पुसत बाहेर आल्या.

"मुंबईला जाऊ तेव्हा," सर समोर बघत म्हणाले, "दोन स्वेटर घ्यायला पाहिजेत. तिकडं पोराकडं थंडी पडते म्हणतात."

काकी उभ्या होत्या त्या मटकन पायरीवर बसल्या. इतकी वर्षं ज्यासाठी भांडल्या ते मिळालं होतं, आणि त्यांनी पदर तोंडात धरला. आत प्रार्थनेला माणसं उभी राहत होती. पेठेतून कुणाच्या तरी सायकलची घंटा ऐकू आली. काकींनी रस्त्याकडं पाहिलं, मग आम्ही आलो त्या बाजूला, वालाच्या शेतांकडं.

"येवढी काय घाई हाय?" त्या म्हणाल्या.

"घाई नाय गो," सर म्हणाले. "पण आज बोललोय तोवर घे बोलून. परत मी नाय बोलायचा."

काकींनी डोळे पुसले, आणि दोघं प्रार्थनेला आत गेले.